पानगळ माघात

महाड
२९ सप्टेंबर २०२४

मैनाताई,
सप्रेम जयभीम.

पेटी आज दुधाच्या गाडीत ठेवली आहे. गाडी फाट्यापर्यंत येईल आणि तिथून कुशाबा रिकाम्या किटल्यांबरोबर ती डोक्यावर घेऊन वाडीवर चढतील. त्यांना माझ्या वतीनं चहा द्या. तुमच्या करंजमाळावर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच. लागत असता तर आपण एकमेकांना अंगठ्याच्या चित्रापलीकडे काही पाठवलं नसतं.

यंदाही सगळं गेल्या वर्षीसारखंच. नवरात्र ते दिवाळी, दर रविवारी तुमच्या खळ्यात. सहा वर्षांखालची मुलं, प्रत्येक मूल घरच्या कुणाच्या तरी मांडीवर, आणि मांडी ज्याची त्यानंच वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्र बघून सांगावं. दिवाळीनंतर सगळ्या वाड्यांची मुलं चवदार तळ्याजवळच्या आपल्या वाचनघरात येतील आणि पेट्यांची अदलाबदल होईल. तुमची पेटी यंदा तुडीलला जायची आहे.

आता भांडण. गेल्या वर्षी तुमची पेटी आली ती हळदकुंकवानं माखून. एकूण एक पुस्तक! मी आणि माझी बायको कोरड्या फडक्यानं दोन संध्याकाळी पुसत बसलो होतो, तरी हत्तीच्या गोष्टीतला हत्ती अजून पिवळा आहे. पुस्तक वाचायचं असतं ताई, पुजायचं नसतं. या वर्षी कृपा करा.

एक नवीन खेळही आहे. वाचनघरांसाठी आलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत तो मिळाला. शरद ऋतूत मुलांनी गळलेली पानं गोळा करायची आणि कागदावर चिकटवून त्यांचे प्राणी करायचे. कागद आणि डिंक पेटीत आहे. चित्रं कोजागिरीनंतर पाठवा, मी ती भिंतीवर लावणार आहे.

तुमच्या पियुषला सांगा, पेटीत सगळ्यांत वर त्याच्यासाठी एक म्हशीच्या रेडकाचं पुस्तक आहे. 'रेडकू कुठं गेलं?'

आपला,
धम्मपाल


करंजमाळ धनगरवाडी, ता. पोलादपूर
७ ऑक्टोबर २०२४

धम्मपाल सर,
सप्रेम नमस्कार.

पेटी पोचली. कुशाबांनी चहा घेतला आणि वर म्हणाले, "ह्या मास्तराला सांग, पुस्तकांपेक्षा दूध हलकं असतंय."

काल पहिला रविवार झाला. नाचणी कापायला आली आहे, त्यामुळे कुणी येईल असं वाटलं नव्हतं. तरी सगळी आली. शेजारची मीना कापणीवरून थेट आली, विळा कमरेलाच. मांडीवर धाकटीला घेऊन तिनं ससा वाचून दाखवला. ती चौथीपर्यंत शिकली आहे आणि लग्नानंतर तिनं छापलेलं काही हातात धरलं नव्हतं. एकेक अक्षर लावत वाचताना तिला घाम फुटला. पण पोरगी हलली नाही. ससा बिळात शिरेपर्यंत तिनं आईचं बोट सोडलं नाही.

पियुषचं काय सांगू? साडेचार वर्षांचं पोर, पण रेडकाच्या पुस्तकाला कुणाला हात लावू देत नाही. प्रत्येक पानावर रेडकू हरवलेलं असतं. कधी गवतात, कधी डबक्यात, कधी धुक्यात. प्रत्येक पानावर तो मला विचारतो, "कुठं गेलं?" आणि मी "नाय दिसत बा" म्हणायचं. शेवटच्या पानावर रेडकू आईच्या पोटाखाली उभं असतं. तिथं तो एवढा ओरडतो की गोठ्यातली म्हैस मान वर करते. रात्री ते पुस्तक उशाखाली ठेवून झोपतो. गोष्टीशिवाय झोपच नाही.

हळदकुंकवाचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खंडेनवमीला कोयत्याला लावतो, इळ्याला लावतो, दुधाच्या किटलीला लावतो. ज्याच्यावर घर चालतं त्याला हात जोडायचे. मग पुस्तक काय वाटंवर पडलंय?" त्यांना साळूबाई म्हणतात सर, त्यांच्याशी वाद घालायला वाडीत कुणी धजत नाही. शेवटी तह झाला. कुंकू पेटीच्या झाकणाला लागेल, पुस्तकांना नाही.

पण सर, तुमच्या पुस्तिकेतला शरद कुठल्या गावचा आहे? आमच्याकडे पानगळ माघात असते. आता डोंगर हिरवागार आहे. एक पान खाली पडायला तयार नाही. पोरं सकाळपासून झाडाखाली वर तोंड करून उभी आहेत. हिरवी पानं तोडून केली तर चालेल का?

पियुषचे बाबा मुंबईला दुधाच्या गोदामात आहेत, ते दिवाळीला येतील. तेव्हा आम्ही तिघंही महाडला येऊ. पियुषला तुमचं वाचनघर बघायचं आहे. तिथं खूप रेडकं असतील असं त्याला वाटतं.

आपली,
मैना


महाड
१० ऑक्टोबर २०२४

मैनाताई,
सप्रेम जयभीम.

साळूबाईंना माझा दंडवत सांगा. तह मान्य.

तुम्हाला वाटत असेल, हा माणूस कुंकवाच्या बोटभर डागासाठी एवढा का कटकट करतो. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं. घरात एकच पुस्तक होतं आणि त्याला हात लावायच्या आधी आम्हाला हात धुवावे लागत. धुतलेले हात ते स्वतः हुंगून बघत. आमच्या घरी पुस्तकाची पूजा म्हणजे एवढीच. त्यामुळे पानावर काही डाग दिसला की मला आजोबा दिसतात.

मीनाताईंचं वाचून फार बरं वाटलं. हे सगळं त्यासाठीच तर आहे.

पानगळीच्या बाबतीत मात्र मी सपशेल हरलो. पुस्तिका परदेशातली, आणि मी इतकी वर्षं याच डोंगरांखाली राहून तिच्यावर विश्वास ठेवला. पण हिरवी पानं तोडायला नकोत. मुलांना लहानपणीच झाड ओरबाडायची सवय लागते. जाळीच्या बुंध्याशी, दगडांच्या आडोशाला गेल्या वर्षीची जुनी पानं असतातच. ती त्यांना शोधू द्या. शोधण्यातच निम्मी मजा आहे.

पियुषचं रेडकू मी भिंतीवर सगळ्यांत वर लावीन. त्याला हे नक्की सांगा.

आपला,
धम्मपाल


महाड
२२ ऑक्टोबर २०२४

मैनाताई,
सप्रेम जयभीम.

कोजागिरी होऊन आठवडा होत आला, तुमचं पत्र नाही. दुधाच्या गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "वाडीत काय तरी हाय, कुशाबा चार दिस खालीच आला नाय." कापणीची घाई असेल असं मी धरून चाललो आहे. की हळदकुंकवावरून साळूबाई अजून रागावल्या आहेत?

बाकीच्या वाड्यांची पानांची चित्रं आली. शिवथरच्या मुलांनी मोर केला आहे, मोर कमी आणि कोंबडा जास्त. भिंत भरत आली आहे. सगळ्यांत वरची जागा मात्र मी मोकळी ठेवली आहे. कुणासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे.

दोन ओळी तरी पाठवा.

आपला,
धम्मपाल


करंजमाळ
२५ ऑक्टोबर २०२४

सर,

पुस्तकं आणि पेटी परत पाठवते आहे. पुस्तकं पुसून ठेवली आहेत. पानांची चित्रं झाली नाहीत. रविवारचं बसणं आता बंद केलं आहे. दिवाळीनंतर आम्ही महाडला येणार नाही.

पेटीत एक पुस्तक कमी आहे. रेडकाचं. ते पियुषकडे आहे. ते परत मागू नका.

मैना


महाड
२७ ऑक्टोबर २०२४

मैनाताई,
सप्रेम जयभीम.

पेटी मिळाली. पत्रही मिळालं, पण ते तुमचं वाटलं नाही. माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. रविवार बंद करण्यामागे घरच्यांचा विरोध असेल तर मी साळूबाईंशी येऊन बोलतो. मीनाताईंसारखी बाई इतक्या वर्षांनी वाचायला बसली असताना हे थांबावं याचं मला वाईट वाटतं.

पुस्तकाबद्दल मात्र थोडं कडक बोलतो, राग मानू नका. त्याची आपल्याकडे एकच प्रत आहे आणि तुडीलची मुलं तिची वाट बघताहेत. पियुषला समजावून सांगा की पुस्तक कुणा एकाचं नसतं. त्यालाच घेऊन या, त्याच्याच हातानं ते तुडीलच्या मुलांना देऊ. आपलं आवडतं दुसऱ्याला द्यायला मुलांनी आत्ताच शिकलं पाहिजे. मी त्याला दुसरं, याहून चांगलं पुस्तक देईन.

दिवाळीच्या शुभेच्छा.

आपला,
धम्मपाल


करंजमाळ
५ नोव्हेंबर २०२४

सर,

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही पियुषला समजावून सांगा म्हणालात, तर आता मलाच तुम्हाला समजावून सांगायला हवं.

पियुष नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला.

त्या रविवारी पोरं खळ्यात जमली होती. तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. जाळीखाली जुनी पानं शोधा म्हटल्यावर पोरं हरखली. पियुषला रेडकाच्या कानासाठी सागाचं मोठं पान हवं होतं. खळ्याच्या खालच्या अंगाला कारवीची जाळी आहे, त्यात तो हात घालून बसला. पान मिळालं त्याला. ते नाचवत आला आणि म्हणाला, "आये, काटा लागला."

मी काटाच शोधत बसले, सर. सुई घेतली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि काटा शोधत बसले. त्याला हसवत होते. बोट सुजायला लागलं तेव्हा सासूबाई आल्या. त्यांनी नुसतं बघितलं आणि ओरडल्या, "अगो, काटा नाय, फुरसं चावलंय!"

घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली. कुशाबा पुढं आणि मीनाचा नवरा मागं, दोघं पळत डोंगर उतरले. मी बाजूनं पळत होते. त्यानं पुस्तक मागितलं, ते मी घेतलं होतं. पोलादपूरला इंजेक्शन दिलं, महाडला न्या म्हणाले. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. उशीर झाला तो वाटेत, आणि माझ्या काट्यात. गाडी सावित्रीच्या पुलाजवळ आली तेव्हा त्याच्या अंगात काही राहिलं नव्हतं. तुमच्या वाचनघराच्या इतक्या जवळ आला होता तो.

आमच्यात लहान लेकराला अग्नी देत नाहीत, माती देतात. त्याच्याबरोबर त्याच्या आवडीचं ठेवतात. वाटीभर दूध ठेवलं. रेडकाच्या गळ्यातली घंटी ठेवली. मग सासूबाईच म्हणाल्या, "ते पुस्तक आण गो. पोर गोष्टीबिगर झोपत नाय." मी आणलं. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच्या उशाशी ठेवलं. तुम्ही नको म्हणाला होतात ते मला आठवलं होतं. मी त्यांना अडवलं नाही.

म्हणून पुस्तक परत देता येत नाही.

हे तुम्हाला आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण पानं शोधायचं तुमच्या पत्रात होतं आणि ते वाचून तुम्हाला काय होईल हे मला कळत होतं. पियुषचे बाबा आले आहेत. त्यांना महाडला येऊन तुम्हाला जाब विचारायचा होता, मी अडवलं. वाडीत लोक म्हणतात, पेटीनं पोर नेलं. मी तसं म्हणत नाही. पण तुमच्यावर राग नाही असंही मला लिहिता येत नाही. कधी तुमच्यावर येतो, कधी त्या सुईवर येतो.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती.

मैना


महाड
९ नोव्हेंबर २०२४

मैनाताई,

काय लिहू. तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवायला घेतलं आणि काट्यापाशी कागद तिच्या हातात दिला. पुढचं तिनं वाचलं.

राग नाही असं लिहू नका. राग यायलाच हवा. तुम्ही मला सांगितलं होतं की पानगळ माघात असते. मी हरलो असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीत स्वतःचंच खरं केलं. झाडाचं हिरवं पान वाचवायला गेलो आणि मुलांना जाळीत हात घालायला सांगितलं. खुर्चीत बसून सांगितलं. जुन्या पाचोळ्यात काय असतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मी ते विसरलो. हे माझ्याकडून झालं. पियुषच्या वडिलांना अडवू नका. ते आले तर मी दार लावून घेणार नाही.

आणि त्यानंतर मी तुम्हाला लिहिलं की मुलाला द्यायला शिकवा. त्या पत्राची मला एवढी लाज वाटते की ते परत मागावंसं वाटतं. जमलं तर ते चुलीत घाला.

पुस्तक पियुषचंच आहे. ते त्याच्याजवळ आहे हे वाचून, एवढ्या सगळ्यात, तेवढं एक बरं वाटलं. साळूबाईंनी कुंकू लावलं ते योग्यच केलं.

भिंतीवरची सगळी चित्रं मी काढून ठेवली. मुलांचं एकत्र येणंही रद्द केलं. पुढच्या वर्षीपासून पेट्या काढणार नाही. ज्याला डोंगर कळत नाही त्यानं डोंगरावर काही पाठवू नये.

एकदा वाडीवर येऊन तुम्हा सगळ्यांच्या पाया पडायची इच्छा आहे. तुम्ही हो म्हणाल तरच येईन.

धम्मपाल


करंजमाळ
१८ नोव्हेंबर २०२४

सर,

आत्ता येऊ नका. पियुषचे बाबा अजून इथेच आहेत. दिवसभर म्हशींमागे जातात, घरात बसवत नाही त्यांना. तुम्ही पाया पडलात तर त्यांनी काय करायचं? त्यांना तेही ओझंच होईल.

पेट्या बंद करणार हे वाचलं. काल, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, काय झालं ते सांगते, मग ठरवा.

मी खळ्यात नाचणी वाळत घालत होते. कुणी बोलावलं नव्हतं. मीनाची धाकटी आली आणि नेहमीच्या जागी बसली. तिच्यामागून आणखी दोन आली. मग सगळीच. मी म्हटलं, "पुस्तकं नाय आता. घरी जा." तर मीनाची धाकटी म्हणाली, "रेडकू कुठं गेलं ते सांग ना काकी."

मला घरात निघून जावंसं वाटलं. पण सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांग गो. पोरांनी काय गुन्हा केलाय?"

मग मी सांगायला लागले. पुस्तक नव्हतं, पण पान न् पान पाठ होतं. गवतात बघितलं, नाय दिसत बा. डबक्यात बघितलं, नाय दिसत बा. धुक्यापर्यंत आले आणि शेवटचं पान माझ्या तोंडातून येईना. तेव्हा पोरंच म्हणाली, सगळी एका सुरात, "आईच्या पोटाखाली!" आणि पियुष ओरडायचा तशीच ओरडली.

मी पदर तोंडाला लावून रडले. त्या दिवसापासून पहिल्यांदाच पोटभर रडले. सासूबाई खाली येऊन माझ्याजवळ बसल्या. पोरं घाबरली, पण पळाली नाहीत.

सर, पेटी बंद केली तर लोक म्हणतात तेच खरं होईल. पेटीनं पोर नेलं आणि म्हणून पेटी बंद झाली. माझ्या पोराच्या नावावर मग एवढंच राहील. इथल्या बायका पुढं आपल्या पोरांना सांगतील, पुस्तकाजवळ जाऊ नको, पियुषचं काय झालं ते ठाऊक आहे ना? मला ते नको आहे. त्याला पुस्तक आवडायचं. त्याच्या नावानं पोरांनी पुस्तकाला भ्यावं हे मला सहन होणार नाही.

म्हणून पेटी पाठवा. आणि पानांचा खेळ काढून टाकू नका, माघात घ्या. माघात पानं उघड्यावर पडतात, खळ्यात पडतात, कुणाला कुठं हात घालावा लागत नाही. खेळाच्या कागदावर एवढं लिहा की जाळीत, दगडाखाली, पाचोळ्यात हात घालायचा नाही, मोठ्या माणसानं काठीनं सारून बघायचं. आणि लेकरू काटा लागला म्हणालं तर आधी फुरसं समजायचं. पियुषचं नाव लिहू नका. पण हे लिहा.

तुमचं ते पत्र चुलीत घातलं नाही. राहू दे.

मैना


महाड
१९ जानेवारी २०२५

मैनाताई,
सप्रेम जयभीम.

पेटी पाठवतो आहे. कुशाबांना सांगा, यंदा मुद्दाम हलकी ठेवली आहे.

खेळाचा कागद नव्यानं छापून घेतला. तुम्ही सांगितलं ते सगळं वर, मोठ्या अक्षरांत घातलं आहे, तुमच्याच शब्दांत. सगळ्या वाड्यांना तोच कागद गेला. शिवथरच्या एका बाईंनी तो वाचून निरोप धाडला, "कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलंय." मी त्यांना सांगितलं, हो, माझ्यापेक्षा बऱ्याच शहाण्या माणसानं.

जुन्या कागदावर, पुस्तकांना हळदकुंकू लावू नये, अशी एक ओळ होती. ती मी काढली. माझं मत बदललेलं नाही, मी लावणार नाही. पण तुमच्याकडून आलेल्या पुस्तकावरचं आता पुसणारही नाही.

पेटीत तळाशी, वेगळ्या कागदात गुंडाळून, रेडकाच्या पुस्तकाची नवीन प्रत आहे. पेटीत ठेवावी की नाही यावर बरेच दिवस घालवले. तुम्हाला बघवणार नसेल तर पुडकं सोडू नका, तसंच कुशाबांबरोबर परत पाठवा. मी काही विचारणार नाही.

पियुषच्या वडिलांना माझा नमस्कार सांगावासा वाटतो. सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

भिंत रिकामीच आहे. माघाची वाट बघतो.

धम्मपाल


करंजमाळ
१७ फेब्रुवारी २०२५

धम्मपाल सर,
सप्रेम नमस्कार.

पुडकं महिनाभर देव्हाऱ्याखाली तसंच होतं. मी सोडलं नाही आणि परतही पाठवलं नाही.

आता पानगळ सुरू झाली आहे. सकाळी खळं झाडलं तरी दुपारपर्यंत पुन्हा भरतं. काल पोरं आली तेव्हा मी झाडलंच नव्हतं. आधी सासूबाईंनी काठी घेऊन सगळी पानं सारून बघितली. मग खळ्याच्या मधोमध ढीग केला आणि म्हणाल्या, "बसा आता." पोरांनी बसल्या जागी पानं निवडली. सगळ्यांनी मिळून एकच रेडकू केलं. अंग सागाच्या पानांचं, पाय काड्यांचे. कानासाठी मोठी पानं हवी होती. पियुषचे बाबा शनिवारीच मुंबईहून आले होते, लांब उभं राहून बघत होते. ते गेले आणि दोन चांगली पानं निवडून घेऊन आले. तुमचा नमस्कार मी त्यांना सांगितला. त्यांनी मान हलवली.

चित्र कुशाबांबरोबर पाठवते आहे. ते कुठं लावायचं हे तुम्हाला ठाऊक आहे.

मग सासूबाईंनी पुडकं आणून सोडलं, पुस्तकाला कुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या हातात दिलं. पोरांनी हात धुतले होते. मीनाची धाकटी माझ्या मांडीवर येऊन बसली.

शेवटचं पान मी वाचलं.

आपली,
मैना